एकोणचाळीस नावं काढून टाक

मिरज

चि. भाचेसाहेबांस,

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही मिळाली. चाळीस नावं आहेत तुझ्या यादीत. गाणाऱ्याचं नाव, पुढे राग, त्यापुढे किती मिनिटांचं ते, आणि शेवटच्या रकान्यात तू दिलेले गुण. यात आणखी काय घालू, असं विचारतोस. आणि लगेच पुढच्या ओळीत तक्रार करतोस, की ही यादी ऑफिसातल्या सगळ्या मित्रांना पाठवली पण ऐकलं कुणीच नाही. एकाने अंगठा तेवढा पाठवला.

मी गाणारी नव्हे, ऐकणारी. पण ऐकण्यात जन्म गेला, तेवढ्या अधिकारावर सांगते. यादीत काहीही घालू नकोस. त्यातली एकोणचाळीस नावं काढ आणि एक ठेव. मित्रांनी का ऐकलं नाही, याचंही उत्तर त्यातच आहे. त्या चाळिसांपैकी एकही गाणं अजून तुझं झालेलं नाही. तू नुसता त्यांच्या दारावरून जाऊन आलायस. जे आपलं झालेलं नाही ते दुसऱ्याला द्यायला गेलं, की ते माहिती म्हणून पोचतं. आणि माहिती पाठवणाऱ्याला लोक अंगठाच दाखवतात.

आपल्या गावापासून सुरुवात करते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे झाले, 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर वारले, आणि त्यांना इथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. त्यांचा आवाज आज आपल्याकडे उरलाय तो 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर. त्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यांतली झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका पोराच्या कानावर पडली, आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घर सोडून निघाला. उत्तरेत बरीच वणवण करून अखेर तो पोचला कुठे, तर खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे. भीमसेन जोशींची ही गोष्ट तुला ठाऊक असणारच. लोक ती त्या पोराच्या धाडसासाठी सांगतात. मला तिच्यातली तबकडी मोठी वाटते. त्या पोराकडे यादी नव्हती, एक गाणं होतं.

त्या काळी ज्यांच्या घरी ग्रामोफोन असे त्यांच्याकडेही तबकड्या मोजक्याच. त्याच त्या पुन्हा लावायच्या. त्यामुळे घरातल्या माणसांना गायकाने श्वास कुठे घेतलाय, तबलजीने कुठे हात आवरलाय, हे पाठ झालेलं असे. गाण्याचं शास्त्र न कळणाऱ्यालाही ती तीन मिनिटं आतून-बाहेरून माहीत असत. टंचाई फार चांगली होती असं काही मी म्हणणार नाही. म्हातारी माणसं असं म्हणतात तेव्हा मलाच राग येतो. अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिलेला, एवढं मोठं घराणं उभं करणारा माणूस, आणि आज त्याचा एक सूर आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांनी काय गायलं असेल ते त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई, आणि त्यांचे मुलगे मंजी खाँ-भूर्जी खाँ यांच्या तालमीतून आलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यांवरून अदमासाने ताडायचं. तेव्हा तुझ्या खिशात आज जे आहे ते भाग्यच आहे. फक्त त्या भाग्याने तुला घाई लावलीय.

तर एक निवड. कसं निवडायचं? गुणांच्या रकान्याकडे बघू नकोस. ते गुण तू गाण्याला दिलेत की नावाला, याची मला शंका आहे. मोठ्या नावापुढे कमी गुण लिहायला तुझा हात धजावलेला दिसत नाही. आंघोळ करताना, चपला शोधताना नकळत कुठला तुकडा तोंडात येतो ते बघ. तेच तुझं गाणं. मग ते यादीत खाली असो की वर.

आणि असा कुठलाच तुकडा तोंडात येत नसेल, तर मी एक सुचवते. उस्ताद अमीर खाँचा मारवा. तुझ्या यादीत तो आहे, पाचपैकी चार गुण आणि पुढे ‘संथ’ असा शेरा. संथ तर आहेच. दिवेलागणीच्या वेळी लाव. मारव्याची तीच वेळ, ऊन गेलेलं आणि दिवा अजून लागलेला नाही अशी. पहिल्यांदा नुसता बस, काही समजून घ्यायला जाऊ नकोस. दुसऱ्या वेळी ऐकताना फक्त षड्जाकडे लक्ष ठेव. गाणारा माणूस ‘सा’ वर येऊन विसावतो, ही आपल्या कानांची सवय. मारव्यात तो विसावा मिळत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावरच सगळा भार, पंचम तर रागात नाहीच, आणि षड्ज असून नसल्यासारखा. गायक त्याच्याजवळ येतो आणि वळसा घालून निघून जातो. मग कधीतरी तो त्याच्यावर उतरतो. ते कधी, आणि किती वेळ थांबतो, एवढंच ऐक. एवढ्या एका गोष्टीसाठी ते सगळं ध्वनिमुद्रण ऐकायचं आहे.

मग एखाद्या दिवशी तबल्याकडे कान दे. झुमरा ताल, चौदा मात्रांचा, अतिविलंबित. एक आवर्तन इतकं लांब की सम येईपर्यंत तू तिला विसरलेला असशील. विसरू नकोस. बोटांवर मोजलंस तरी चालेल, लाजायचं कारण नाही. ज्या दिवशी न मोजता सम तुला आधीच जाणवेल, त्या दिवशी तुझ्या ध्यानात येईल की त्या गाण्यात संथ काहीच नाही, सगळं तिच्याकडे निघालेलं आहे. आणखी एखाद्या दिवशी नुसता तानपुरा ऐक. आपल्या मिरजेत सतारमेकर गल्लीत हे तानपुरे बनतात, लहानपणी तुला तिथे नेलं होतं. मारव्यासारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार बहुधा निषादात मिळवतात. त्याने खोलीतली हवाच बदलते. हे सगळं ऐकायला महिना लागेल. लागू दे. रोज ऐकायचीही सक्ती नाही.

महिन्याने दुसरं गाणं घेशील तेव्हा यादीत खाली जाऊ नकोस, शेजारी जा. मारव्याचेच सूर घेऊन पूरिया आहे आणि सोहनीही आहे. सूर तेच सहा, एकही कमी-जास्त नाही. पण पूरिया गांधार-निषादावर बसतो आणि खालच्या सप्तकात रमतो, तर सोहनी वरच्या षड्जाभोवती, उत्तररात्रीची, चपळ. तिन्ही पाठोपाठ ऐक. सूर सारखे असून माणसं वेगळी कशी, हे तुला कुठल्याही पुस्तकापेक्षा तासाभरात समजेल. किंवा याहून सोपी जोडी हवी तर भूप आणि देशकार. सा रे ग प ध, हेच पाच सूर दोन्हींत. भूप संध्याकाळचा, गांधाराला मान. देशकार सकाळचा, धैवताला मान. किशोरीताईंचा भूप संध्याकाळी ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाही चांगला देशकार. मग सुधीर फडक्यांनी ‘भाभी की चूडियाँ’साठी लताबाईंकडून गाऊन घेतलेलं ते पहाटेचं गाणं लाव आणि तूच ठरव, हा भूप की देशकार. लोक अजून भांडतात त्यावरून. भांडणात तूही पड, हरकत नाही. ऐकून पड म्हणजे झालं.

मात्र एक खोड वेळीच मोडायला हवी, आणि तुझ्या पत्रात तिची चाहूल मला लागलीय. गाणं सुरू झालं की दहा सेकंदांत राग ओळखायचा आणि शेजाऱ्याकडे बघायचं. ‘बागेश्री!’ ओळखलंस, पुढे? राग ओळखला की ऐकणं संपलं असं वाटणारी माणसं मी प्रत्येक मैफलीत पाहिली आहेत. ती पहिल्या रांगेत असतात. नाव कळणं उपयोगाचं असतं, शोधायला सोपं जातं, एवढंच. तुला नाव न कळता एखादी बंदिश आवडली तर नाव विचारायच्या आधी ती चार वेळा ऐक.

दुसरी खोड नाक मुरडण्याची. तुझ्या यादीत नाट्यगीत नाही, अभंग नाही. ‘शुद्ध शास्त्रीयच ठेवलंय’ असं वर अभिमानाने लिहिलंयस. अरे, मराठी माणसाच्या घरात राग शिरले ते याच दारांनी. 1911 साली ‘मानापमान’ आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. 1916 साली ‘स्वयंवर’, त्याला चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यांतल्या कितीतरी पदांच्या चाली थेट बंदिशींवरून घेतलेल्या. ज्या बायकांना मैफलीला जायची मुभा नव्हती त्या चुलीपुढे बसून यमन गुणगुणत होत्या आणि त्याला यमन म्हणतात हे त्यांना माहीतही नव्हतं. तुझी पणजी त्यांतलीच. पुढे 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, अभिषेकीबुवांचं संगीत आणि नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नाटकाच्या तिकिटात लोकांना घराण्यांचा झगडा ऐकायला मिळाला. भीमसेनजींची ‘संतवाणी’ ऐकणाऱ्या किती जणांनी त्यांचा दरबारी ऐकला असेल मला सांगता येणार नाही, पण ज्यांनी ऐकला त्यांतले पुष्कळ अभंगावरूनच तिथे पोचले असणार. तुझ्या बाबांना ‘शास्त्रीयातलं काही कळत नाही’. तरी ‘मानापमान’मधलं एखादं पद चुकीचं गायलेलं त्यांना चालत नाही. याला कळणं नाही तर काय म्हणायचं?

आणि हो, न आवडण्याची मुभाही घे. मोठं नाव आहे म्हणून मान डोलवायची गरज नाही. कुमार गंधर्वांवरून आमच्या पिढीतल्या घरांत जेवणं थंड झालेली आहेत. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणीच मैफली गाजवणारा. क्षयाने गाठलं म्हणून 1948 साली हवापालटासाठी देवासला गेला. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. पुन्हा गायला बसला तो वेगळाच होऊन. लहान-लहान फेक, मध्येच स्तब्धता, माळव्यातल्या लोकधुनांतून उचललेले राग. काही जण म्हणाले, हे गाणंच नव्हे. काही जणांना त्यापुढे दुसरं गाणं ऐकवेना. दोघेही मन लावून ऐकणारे होते, म्हणून त्यांच्या भांडणाला किंमत. तुला आज कुमारजी पटत नसतील तर गुणांच्या रकान्यात उगाच पाच लिहू नकोस. बाजूला ठेव. काही वर्षांनी पुन्हा लावून बघ. तोवर वाचायचंच असेल तर वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ वाच. ते पेशाने हिशेबतपासनीस होते, आणि हिशेबतपासनिसाच्याच चोखपणाने त्यांनी प्रत्येक घराण्यात सुराचा वाटा किती आणि लयीचा किती हे मांडलंय. पण आधी ऐक, मग वाच. उलट केलंस तर वामनरावांचे कान घालून ऐकशील.

आता तुझा दुसरा प्रश्न. मित्रांना कसं ऐकवायचं? आधी एक गोष्ट सांगते.

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. ती सूर्यमालेच्या पल्याड जाणार, कधीकाळी कुणाला सापडली तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसवली. जगभरातलं संगीत निवडून निवडून 27 तुकडे घेतले. भारताच्या वाट्याला एक आला. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाने एक नाव धरून ठेवलं, केसरबाई केरकरांची भैरवी. साडेतीन मिनिटांची. भैरवीची ती तबकडी तेव्हा बाजारातून गेलेली होती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, विजेच्या वस्तूंच्या पसाऱ्यात एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातल्या केरी गावची ही बाई, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय कडक, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, पहिलं यान सुटल्यावर चार आठवड्यांच्या आत, ती गेली. तिचा आवाज मात्र अजून चाललाय.

या गोष्टीत मला यानाचं फार कौतुक नाही. कौतुक त्या ब्राउनसाहेबांचं. अख्ख्या देशाच्या संगीतातून एकच द्यायचं म्हटल्यावर किती जणांनी हात वर केले असते! किंवा मग तुझ्यासारखी यादी केली असती. त्यांना एक गाणं मनापासून माहीत होतं आणि तेच हवं हे त्यांनी लावून धरलं.

तूही एकाला एक दे. समूहाला काही देऊ नकोस, समूह ऐकत नसतो. ज्याला द्यायचं तो माणूस डोळ्यांसमोर आण आणि त्याच्यासाठी निवड. तुला सर्वांत प्रिय असलेलं देऊ नकोस. ते त्याला रुचलं नाही की तू रुसशील आणि मैत्रीत उगाच खोट येईल. ज्या मित्राने अंगठा पाठवला त्याने निदान पत्र उघडलं तरी होतं, त्याच्यापासूनच सुरुवात कर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत द. वि. पलुसकरांचा गौडसारंग लाव. दुपारचाच राग, तबकडीवरचा, म्हणजे डबा संपायच्या आत संपतो. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा 1955 साली चौतिसाव्या वर्षी गेला, पण त्या तीन-तीन मिनिटांत त्याने राग अर्धा ठेवलाय असं कधी वाटत नाही. नवख्याला तास-तासाचा विलंबित ख्याल देणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला कृष्णेच्या पुरात ढकलणं. ज्या मैत्रिणीबद्दल लिहितोस, गणितात रमणारी, तिला मालिनी राजूरकरांचा टप्पा ऐकव. मालिनीबाई स्वतः गणिताच्या पदवीधर, काही काळ गणित शिकवलेल्या. टप्प्यातल्या त्या गरगर फिरणाऱ्या बारीक ताना, आणि प्रत्येक वेळी समेवर बिनचूक हजर. तिला आवडेल असं मला वाटतं. न आवडलं तर न आवडलं.

आणि देताना स्वतः बस. हे सर्वांत महत्त्वाचं. दुवा पाठवून ‘ऐक आणि सांग कसं वाटलं’ म्हणणं म्हणजे समोरच्याला गृहपाठ देणं. तू त्याच्याबरोबर बसून ऐकलंस की तुझं ऐकणं त्याला दिसतं. बोलू मात्र नकोस. ‘आता बघ हं, आता तो निषाद येतोय’ असं कोपराने ढोसणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मी एक अख्खी मैफल घालवली आहे. निषाद आला तेव्हा मला फक्त त्याचं कोपर जाणवलं. आधी इतिहास सांगू नकोस, नंतर परीक्षा घेऊ नकोस. त्याने काही विचारलं तर उत्तर दे, तेही एका वाक्यात. विविध भारतीवर सकाळी ‘संगीत सरिता’ लागायचं, त्यात पाव तासात रागाची थोडी ओळख, त्यातलं एखादं सिनेमाचं गाणं आणि थोडं शास्त्रीय, असा बेत असे. बोलणारा मोठा जाणकार असे, पण पाल्हाळ लावत नसे. असं बोलणं जमलं पाहिजे.

तुला वाटेल, मावशी एवढ्याशा गोष्टीचं केवढं करतेय. पण आपल्याकडे देण्याचा हात बराच काळ आखडता होता, हे विसरू नकोस. बंदिशी घराण्याबाहेर जाऊ नयेत म्हणून जपल्या जात, शिष्यालाही वर्षानुवर्षं थांबवून एखादी मिळे. जपणाऱ्यांची बाजूही समजते मला. तीच त्यांची इस्टेट होती, त्यावर घर चालायचं. मग भातखंडे आले. पेशाने वकील. देशभर फिरून, उस्तादांची मनधरणी करून, त्यांनी शेकडो बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि छापून सगळ्यांपुढे ठेवल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे, आणि तो लिहिलाय गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. त्याच सुमाराला विष्णु दिगंबरांनी तिकीट लावून जलसे केले, म्हणजे दरबारात ओळख नसलेल्या माणसालाही गाणं विकत घेता यायला लागलं. कोल्हापुरात देवल क्लब 1883 पासून, पुण्यात भास्करबुवांचा भारत गायन समाज 1911 पासून, सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून. ही सगळी माणसं आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायला निघाली होती. त्यांनी खस्ता खाल्ल्या म्हणून तुला आज चाळीस नावं फुकट मिळाली.

प्रत्यक्ष ऐकायलाही जा. सवाईच्या मंडपात गर्दीत बसण्याची मजा वेगळी आहे, पण वर्षभर लहान बैठकांना जा, गावोगाव संगीत मंडळं आहेत, तिथे पंधरा-वीस माणसांत बस. गाणाऱ्याचा न वाढवलेला आवाज ऐकलास की कानात काय-काय पोचायचं राहत होतं ते कळेल. एक अडचण आहे. ध्वनिक्षेपकावरच्या वेळेच्या बंधनाने रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली जवळजवळ संपल्या. झोपमोड होणाऱ्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला प्रत्यक्ष ऐकायला मिळणं दुर्मिळ झालं. सोहनी, ललत हे तुला मुद्रणावरच त्यांच्या वेळी ऐकावे लागतील. पहाटे कधी जाग आली तर फोनवर बातम्या बघत पडू नकोस, ललत लाव.

बैठकीत दाद द्यायला शीक. तीही वाटून घेण्याचीच एक रीत आहे; तुला काय आवडलं ते शेजाऱ्याला आणि खुद्द गाणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. पण दर समेला ‘वाहवा’ करणारे असतात तसा होऊ नकोस. सम तर येणारच होती. ती येताना वाटेत काही अवचित घडलं, तिथे तोंडून जे निघेल ते निघू दे. निघालं नाही तर गप्प बस. किशोरीताईंना तर श्रोत्यांची कुजबुजही खपत नसे, आणि त्यांच्या मैफलीतली शांतता ही दादच होती.

एक शेवटचं. चाळीस नावांत तुझ्या आईच्या आवडीचं एकही गाणं मला दिसलं नाही. तू तिला विचारलंच नाहीस ना? लग्नाआधी आम्ही दोघी मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या गाण्याला जात असू. अजूनही ते गाणं होतं, मोठमोठे कलाकार आवारात बसून गातात, येणाऱ्याला कुणी अडवत नाही. तुझ्या आईचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे, ती फक्त बोलत नाही. दुसऱ्याला ऐकवायची एवढी हौस आहे, तर आधी एकाला विचार की बाई गं, तुला काय आवडतं, आणि ती सांगेल ते तिच्याशेजारी बसून शेवटपर्यंत ऐक. तुझे ते मित्रही काहीतरी ऐकत असतील. त्यांचं तू कधी ऐकलंस?

पुढच्या पत्रात यादी नको. कुठलं एक ठेवलंस, आणि कुणाबरोबर बसून ऐकलंस, एवढंच लिही. पुण्यतिथीच्या गाण्याला त्या अंगठेवाल्या मित्राला घेऊन ये. जेवायला इथेच या, तिखट बेताचं करीन.

तुझी,
मावशी